दूध निवेपर्यंत

रंगनाथमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो. तापमापी भांड्याच्या बुडाला टेकवायची नसते, ही एवढीशी गोष्ट अकरावीच्या पोरांना तिसऱ्यांदा सांगत होतो आणि चिडत होतो. फोन मामीचाच होता. मामी फोनवर कधीच लांबण लावत नाही. "भाचेबुवा, मामा गेले. सकाळी चहा पिऊन बाजेवर टेकले, ते टेकलेच. जल्दी करू नका, सावकाश या... आता ते कुठं जायचे न्हाईत." मी तापमापी पुसून डबीत ठेवली, मुलांना सोडून दिलं आणि भोकरदनची बस पकडली. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे अग्नी मीच द्यायचा होता. बसमध्ये मला रडू आलं नाही. ते आलं तिसऱ्या दिवशी, आणि ज्या कारणानं आलं ते सांगण्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. महिना होऊन गेला. आता थोडं नीट सांगता येईल असं वाटतं.

माझ्या आईचा हा धाकटा भाऊ. गाव पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूचं, फाट्यावर उतरून अर्धा तास चालत जायचं. तिथल्या दूध संकलन केंद्रावर मामानं पंचवीस-तीस वर्षं दूध तपासलं. पत्र्याची एक खोली, समोर बाभूळ, आत एक टेबल, दोन स्टीलचे उभे जार आणि काचेचा लॅक्टोमीटर. जार दुधानं भरायचा, त्यात लॅक्टोमीटर सोडायचा, तो डुचमळून थांबला की दुधाच्या कडेशी येणारा आकडा वाचायचा. त्या आकड्याला गावात 'डिग्री' म्हणतात. दूध दाट असेल तर काच वर तरंगते, डिग्री चांगली लागते. पाणी घातलं असेल तर काच खाली जाते. मामाच्या केंद्रावर सव्वीसच्या खाली डिग्री गेली की दूध परत. मामा सडपातळ, कमी बोलणारा, आणि या सव्वीसच्या बाबतीत कुणाचा मुलाहिजा न ठेवणारा. मी पडलो बोलघेवडा. आमच्या दोघांत जे काही बोलणं व्हायचं त्यातलं चौदा आणे मीच बोलायचो. तो मला लहानपणापासून 'भाचेबुवा' म्हणायचा, आणि त्यात मान किती आणि थट्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

केंद्राचा एक रिवाज होता. डिग्री कमी लागली तर तीन दिवस ताकीद, आणि चौथ्या दिवशीही कमीच लागली तर ते दूध परत न देता सगळ्यांसमोर बाभळीच्या बुडाशी ओतून द्यायचं. ज्याचं ओतलं त्याचं नाव मग गावभर होई. मामाच्या हातून असं ओतणं सगळं मिळून तीन-चार वेळाच झालं असेल. त्यातलं शेवटचं दूध साळूबाईचं.

साळूबाईची वस्ती केंद्रामागच्या नाल्यापलीकडे. आधी मेंढरं घेऊन हिंडणारं धनगराचं घर, दोन पिढ्यांपासून तिथं स्थिरावलेलं. नवरा मजुरीला जायचा, आणि हिच्या दावणीला तीन गावरान गायी. केंद्र फक्त सकाळी उघडायचं. बाकीच्यांची वस्ती लांब, बरेच जण रात्रीचं दूध हौदाच्या पाण्यात ठेवून सकाळी आणायचे. साळूबाई मात्र केंद्राचं दार वाजलं की धार काढायला बसायची आणि फेस असलेली चरवी पदराखाली झाकून नाला ओलांडून यायची. शिळं दूध कुणाला देऊ नये अशी तिच्या सासूची शिकवण होती. हिवाळाभर तिची डिग्री कशीबशी लागली. चैत्रात ऊन वाढलं तशी ती घसरली आणि पंचवीसवर आली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. चौथ्या दिवशी मामानं चरवी उचलली आणि बाभळीखाली पालथी केली.

मी तिथं नव्हतो. मामीनं मला नंतर सांगितलं. साळूबाईनं आरडाओरडा केला नाही. खाली वाकली, ओल्या मातीला बोटं लावून ती कपाळाला लावली, कारण दूध भुईवर सांडलं की असं करायचं असतं. मग म्हणाली, "वतलं ते वतलं, भाऊ. पण पाणी न्हाई त्यात." रिकामी चरवी घेऊन ती गेली आणि घरी जाऊन गायीच्या पाठीवर हात ठेवून बोलली की, या डेअरीच्या दाराशी माझ्या घरचं दूध पुन्हा कधी जायचं नाही. त्या दिवसापासून ती दुधाचं दही लावून तूप काढू लागली, आणि गावातल्या बाया तिच्याकडून तूप घेतानाही मुद्दाम वास घेऊन बघू लागल्या. पाणीवाली म्हणून नाव पडलं की ते तुपालाही चिकटतं.

हे झाल्यावर महिन्याभरानं मी सुट्टीला गेलो. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष संपलं होतं. पहिलं वर्ष संपलेला माणूस किती शहाणा असतो ते मी आता दरवर्षी वर्गात बघतो, पण तेव्हा मी स्वतःच तो होतो. दिवेलागणीला जेवताना मामीनं साळूबाईचा विषय काढला. तिला ते ओतणं पटलेलं नव्हतं. "लई मोठे न्यायाधीश झाल्ते तुमचे मामा," ती मला म्हणाली. मामा मान खाली घालून भाकरी मोडत राहिला. आणि मी तोंड उघडलं. विचारलं, दूध आणायची तेव्हा कोमट असायचं का? मामा म्हणाला, "धारोष्णच की. हात भाजंल इतकं न्हाई, पण ऊन असायचं." मग मी सुरू झालो. पदार्थ तापला की प्रसरण पावतो, वजन तेवढंच राहतं पण जागा जास्त व्यापतो, म्हणजे त्याची घनता कमी होते, म्हणजे त्यात तरंगणारी वस्तू जास्त बुडते... हात वर करून, पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवून, मी अर्धा तास व्याख्यान दिलं. मामीनं मध्येच सांगितलं, "कढईत तेल तापलं की वर चढतं, ते मला ठावं हाय. त्याला कालेज कशाला लागतं?" मी हसलो. मामा हसला नाही. त्यानं हात धुतला, खुंटीवरची पिशवी काढली आणि लॅक्टोमीटर माझ्या हातात दिला. "त्याच्या मानंवर बारीक काय लिव्हलंय बघ." काचेच्या आतल्या कागदावर इंग्रजीत सत्तावीस अंश सेल्सियस असं छापलेलं होतं. म्हणजे या तापमानाला मोजाल तर आकडा खरा. मामा इतकी वर्षं त्याला कारखान्याचा नंबर समजत होता. केंद्रावर त्याला काम शिकवणाऱ्यानंही तसंच सांगितलं होतं. मी अर्थ सांगितला तेव्हा तो काच दिव्यापाशी नेऊन तो आकडा पुन्हा बघू लागला, आणि मला वाटलं, माझ्या हुशारीनं तो गार झाला.

पहाटे त्यानं मला उठवलं. हौदात रात्रभर ठेवलेली आमच्या घरची दुधाची किटली त्यानं बाहेर काढली होती. घरचं दूध गावात नावाजलेलं. रंगनाथभाऊच्या घरच्या दुधाची डिग्री अठ्ठावीसच्या खाली कधी येत नाही, असं लोक म्हणायचे. त्यानं एक जार भरला. अठ्ठावीस. मग तेच दूध पातेल्यात ओतून मामीला म्हणाला, "गायीच्या आचळातून येतं तितकंच ऊन कर, जास्त न्हाई." मामीनं चुलीवर धरलं, बोट घालून पाहिलं, उतरवलं. पुन्हा जार भरला आणि काच सोडली. काच हळूहळू खाली बसत गेली आणि थांबली. मामानं वाकून आकडा वाचला, मग मला वाचायला लावला, मग मामीला. पंचवीस. साळूबाईच्या दुधाचा होता तोच आकडा. आमच्या घरचं, एक थेंब पाणी नसलेलं दूध, मामाच्याच नियमानं बाभळीखाली ओतायच्या लायकीचं निघालं. ज्या बाईनं सगळ्यात ताजं दूध आणलं तीच गावात खोटी ठरली होती, आणि गार करून आणणारे आम्ही खरे. मामा चुलीपाशी उकिडवा बसून राहिला. मला त्या क्षणी आपण काय करून ठेवलं ते कळलं. विद्या दाखवायच्या नादात मी त्याच्या हातात असं काही दिलं होतं, जे त्याला आता खाली ठेवता येणार नव्हतं.

तो उठला आणि थेट नाल्याकडे निघाला. मी मागोमाग गेलो. साळूबाई दावणीत शेण काढत होती. मामा कुंपणाबाहेर उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "साळूबाई, चूक माझी व्हती. तुमचं दूध बराबर व्हतं. ऊन दूध हलकं असतं, ते मला ठावं नव्हतं." तिनं हातातली पाटी खाली ठेवली. आवाज न चढवता म्हणाली, "मला इथं कशाला सांगून राह्यले, भाऊ? इथं तर सगळ्यांना ठावंच हाय." आणि पुन्हा पाटी उचलली.

मामाला ते कळलं. परत येताना तो एकदाच बोलला, "बराबर बोलली." घरून गार दूध आणि ऊन दूध अशा दोन किटल्या घेऊन तो केंद्रावर गेला. दूध घेऊन पंधरा-वीस माणसं आलेली होती, आणि त्या दिवशी केंद्राचे अध्यक्षही नेमके आले होते. मामानं टेबल बाहेर बाभळीखाली मांडायला लावलं, सगळ्यांसमोर दोन जार भरले आणि सांगितलं की, हे दोन्ही एकाच धारेचं, माझ्या घरचं. एकात अठ्ठावीस, एकात पंचवीस. "साळूबाईच्या दुधात पाणी नव्हतं. मी न बघता वतलं. ती खोटी न्हाई, मी अडाणी हाय." कुणी हसलं. कुणीतरी म्हणालं, मग आमचंही मागचं बघा. अध्यक्ष त्याला आत घेऊन गेले आणि भिंतीपलीकडे ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "अशानं केंद्राचा वचक राहील का? उद्या जो तो म्हणंल, दूध ऊन व्हतं. तुला काम नको झालंय का?" मामाचं उत्तर मात्र बाहेर ऐकू आलं नाही. मी नाल्याकडे पाहिलं. पलीकडच्या काठावर साळूबाई उभी होती. सगळं ऐकून ती मागे वळली.

मामाची नोकरी गेली नाही, कारण इतक्या पगारात इतका प्रामाणिक माणूस अध्यक्षांना दुसरा मिळणार नव्हता. पण त्या दिवसापासून केंद्राची रीत बदलली. दूध ओतून देणं बंद झालं. भोकरदनहून तापमापी आणली गेली. दाराबाहेर एक लांब फळी ठोकली, आणि ताज्या दुधाचे गडवे त्या फळीवर, पाण्यानं भरलेल्या परातीत निवायला ठेवले जाऊ लागले. गाडीची वेळ व्हायची, लोक कुरकुरायचे. मामा प्रत्येक गडव्यापाशी थांबायचा, तापमापी बघायचा आणि म्हणायचा, "निवू द्या. जल्दी कशाची हाय." लोकांनी त्याचं नाव 'निवूद्या' पाडलं. भावाभावांची भांडणं घेऊन माणसं आली तरी तो पहिल्यांदा तेच म्हणायचा, आणि मग सगळे हसायचे, निम्मं भांडण तिथंच संपायचं.

साळूबाईचं पाणीवाली हे नाव हळूहळू पुसलं गेलं. तुपाचा कुणी वास घेऊन बघेना. रस्त्यात भेटली की ती मामाशी दोन शब्द बोलायची. पण दूध घेऊन नाल्याअलीकडे ती कधी आली नाही. मी एकदा मामीला विचारलं, अजून राग आहे का? मामी म्हणाली, "राग न्हाई. गायीच्या पाठीवर हात ठिवून बोललेलं हाय. बोललेलं मोडता येत न्हाई." तरी मामा फळीच्या टोकाला एका गडव्याची जागा रिकामी ठेवायचा. तिथं दुसऱ्या कुणी ठेवला की सरकवायला लावायचा. का म्हणून कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं नसतं.

पुढे केंद्रावर मशीन आलं. थेंबभर दुधात सगळे आकडे सांगणारं. मामा घरी बसला, येताना जार, लॅक्टोमीटर आणि तापमापी घेऊन आला आणि खिडकीच्या फळीवर ठेवून दिली. गाय म्हातारी झाली, गेली, दुसरी सांभाळायला अंगात ताकद नव्हती, मग चहाला पिशवीचं दूध. गेल्या दिवाळीत मी गेलो तेव्हा चहा पिताना म्हणालो, मामा, नाल्यापलीकडे तीन-चार गायी आहेत, साळूबाईकडून रतीब का लावत नाहीस? त्यानं बशी खाली ठेवली. खिडकीतल्या जाराकडे पाहिलं. "भाचेबुवा, कोण्या तोंडानं मागू? मी तिचं वतलंय." मी म्हणालो, त्याला तीस वर्षं झाली. तो म्हणाला, "दुधाला झाली. मला न्हाई." ...ती आमची शेवटची भेट. मी नेहमीप्रमाणे चौदा आणे बोललो होतो आणि त्याचे दोन आणे नीट ऐकले नव्हते.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही परत आलो. घरात चूल बंद, शेजारची माणसं भाकरी-पिठलं आणून देत होती. ओसरीवर दहा-पंधरा जण बसलेले. तेवढ्यात साळूबाई आली. ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली, सुनेच्या खांद्याला धरून. पदराखाली चरवी. माझ्यापुढे ती धरली आणि म्हणाली, "मास्तर, चहाला आणलंय. मोजून घ्या."

मी म्हणालो, "मावशी, तुमच्याकडचं मोजायचं कशाला? असं काय करता?" ती म्हणाली, "न्हाई. त्यांनी मोजून वतलं व्हतं. आता मोजूनच घ्या." मी मामीकडे पाहिलं. मामीनं आत जाऊन खिडकीच्या फळीवरचा जार, काच आणि तापमापी आणून दिली. दूध कोमट होतं, फेस अजून बसायचा होता. वीस वर्षं हेच शिकवतोय, तरी जार भरून मी काच दोनदा पुसून घेतली. काच सोडली. ती खाली बसत गेली आणि पंचवीसवर थांबली. ज्यांना जुनं माहीत होतं त्यांना आकडा विचारायची गरज नव्हती. मामी उंबऱ्यावर बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "निवू द्या."

आम्ही बसून राहिलो. परातीत पाणी घातलं, जार त्यात ठेवला. दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. कुणी उठून गेलं नाही. तापमापी सत्तावीसवर आली, काच दोन बारीक रेघांनी वर आलेली. साळूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "किती?" मी सांगितलं, डिग्रीही सत्तावीस. "बराबर?" मी म्हणालो, "बराबर, मावशी. बिलकुल बराबर." तिनं मान हलवली. मग मी विचारू नये ते विचारलंच. इतकी वर्षं का आणलं नाही? तिलाच आश्चर्य वाटलं. "डेअरीच्या दारी न्यायचं न्हाई, एवढंच बोलल्ते मी. घरच्या दाराचं कुठं बोलल्ते? त्यांनी कधी मागितलंच न्हाई. मागितलं असतं तर रोज दिलं असतं की."

तिथं मला रडू कोसळलं. पन्नाशीचा माणूस, दहा-पंधरा माणसांसमोर, जार हातात घेऊन. नाल्याच्या एका काठावर तो मागायला धजत नव्हता आणि दुसऱ्या काठावर ती त्यानं मागायची वाट बघत होती, आणि मध्ये चालून पाच मिनिटांचं अंतर होतं. मी दिवाळीला फक्त उठून तिकडे गेलो असतो तरी चाललं असतं. मला एवढं सगळं शिकवता येतं, आणि एवढं सुचलं नाही.

गेल्या रविवारी मामीला भेटून आलो. आता साळूबाईची सून रोज सकाळी तांब्याभर दूध आणून देते. मामी तो तांब्या खिडकीच्या फळीवर, त्या जाराशेजारी ठेवते. लॅक्टोमीटर पुसून तिथंच उभा केलेला असतो, पण ती दूध कधी मोजत नाही. फक्त चुलीवर ठेवायच्या आधी ते निवेपर्यंत मामाच्या बाजेवर बसून राहते. मी म्हणालो, मामी, उकळायचंच आहे तर निववायचं कशाला? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसा जरा." मी बसलो.